वाकावा, पण सरळ व्हावा

दशाश्वमेध घाटावर गेलेला मराठी माणूस बहुधा पायऱ्यांकडे पाहतो. पेशवे बाळाजी बाजीराव यांनी १७४८ मध्ये हा घाट बांधवला आणि अहिल्याबाई होळकरांनी १७७४ मध्ये तो पुन्हा बांधून काढला, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. घाटाला लागूनच मानमंदिराची उंच भिंत आहे, तिच्याकडे लक्ष जातंच असं नाही. आमेरच्या राजा मानसिंगाचा हा वाडा. त्याच्या गच्चीवर सवाई जयसिंगाने १७३७ च्या सुमारास वेधशाळा उभारली आणि तिथली मुख्य यंत्रं पितळेची न करता दगडचुन्यात बांधली. का, ते त्याने आपल्या ज्योतिष-कोष्टकांच्या प्रस्तावनेत सांगून ठेवलं आहे. पितळी यंत्रांचे आस झिजतात, हलायला लागतात, वर्तुळाचा मध्य सरकतो आणि मग वेध चुकतो.

घरी जिम थाटायला निघालेल्या माणसाला ही तक्रार उपयोगी पडेल. ज्या वस्तूत काही फिरतं, ती आधी फिरत्या जागी झिजते. व्यायामाची जुनी साधनं या कटकटीतून सुटलेली होती. दशाश्वमेधावरून गंगा आपल्या डाव्या हाताला घेऊन अस्सीच्या दिशेने निघालं की, तुळशी घाट लागतो. तिथल्या आखाड्यात आजही गदा आणि जोडी फिरते. गदा म्हणजे बांबूच्या दांड्यावर बसवलेला दगडी गोळा. जोडी म्हणजे खाली रुंद आणि मुठीकडे निमुळते होत गेलेले दोन लाकडी मुद्गल, आपल्याकडच्या करेलांचे काशीकर भाऊबंद. काही जोड्यांना बाहेरून खिळे ठोकलेले असतात, हात चुकला तर पाठ सोलून निघावी म्हणून. नाल म्हणजे मधे पोकळी आणि तिच्यात मूठ असलेला दगड. यात फिरणारा भाग कुठेच नाही. गदेचं काही बिघडलंच तर दांडा फुटतो. दांडा बदलला की गदा पुन्हा उभी.

मल्लखांबही त्याच जातीचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नव्याने उभी केली आणि त्यांच्या शिष्यपरंपरेतून ती काशीतही पोचली, तिथे मराठी गुरूंचे आखाडे झाले. एक शिसवी किंवा सागवानी खांब आणि वरून एरंडेल, एवढाच सरंजाम. अशा वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकतात यात नवल नाही. नवल आहे ते वजनं उचलायच्या बारचं. त्याला दोन्ही टोकांना फिरत्या नळ्या असतात, तो रोज वाकवला जातो, त्याच्यावर घाम गळतो, आणि तरीही चांगला बार मालकाच्या मुलाला वापरता येतो.

बारची टोकं फिरती का लागतात, हे एकदा पाहिलं की बाकीचं सोपं जातं. जमिनीवरून वजन उचलून खांद्यावर घेताना मनगटं झपकन उलटी होतात. त्या क्षणी हातातला दांडा फिरतो. प्लेटा दांड्याला घट्ट बसलेल्या असतील तर त्यांनाही त्याच वेगाने फिरावं लागेल, आणि पन्नास-साठ किलोंचं लोखंड एकदम फिरायला तयार होत नाही. तो सगळा हिसका मनगटावर येतो. जुन्या सर्कशीतल्या पैलवानांचे बार तसेच होते, दोन टोकांना दोन पोकळ गोळे, आत शिसं नाहीतर वाळू. जर्मनीत न्यूरेंबर्गच्या कास्पार बर्ग यांनी १९२८ च्या सुमारास फिरत्या टोकांचा, प्लेटा काढता-घालता येणारा बार बाजारात आणला, आणि आजचा ऑलिंपिक बार त्याच घराण्यातला आहे. पण टोकं फिरू लागली तरी दांडे वाकतच होते. स्पर्धा चालू असताना बार वाकणं किंवा मोडणं हे त्या काळी नेहमीचं होतं. स्वीडनमध्ये एलेइको नावाची कंपनी विजेची घरगुती उपकरणं, वॉफल भाजायची यंत्रं वगैरे करायची. तिथे काम करणाऱ्या, स्वतः वजनं उचलणाऱ्या हेलस्ट्रॉम नावाच्या माणसाने १९५७ मध्ये मालकांना गळ घातली की आपल्याला चांगलं पोलाद कळतं, तर न वाकणारा बार का करू नये? १९६३ च्या स्टॉकहोममधल्या जागतिक स्पर्धेत त्यांचा एकच बार सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकला. ती बातमी ठरली, यावरून आधीची परिस्थिती कळावी.

आता मुद्द्याचं. दुकानात बार दाखवताना दुकानदार दोन गोष्टी सांगतो. ‘जाड आहे, साहेब’ आणि ‘तीनशे किलो घेतो’. दोन्ही खरं असूनही बार फुकट जाऊ शकतो.

पोलाद कोणतंही असो, साधं की महाग, ते वाकायला जवळजवळ सारखंच कडक असतं. एकाच जाडीचे दोन दांडे घ्या, एक गेट-ग्रिलवाल्याकडच्या माइल्ड स्टीलचा, दुसरा उत्तम मिश्रधातूचा. दोन्हींवर सारखं वजन चढवलं तर दोन्ही सारखेच झुकतील. फरक वजन उतरवल्यावर कळतो. बांधणीची तार आणि हॅकसॉचं पातं बोटांनी वाकवून पाहावं. पातं सोडलं की सरळ होतं, तार तशीच वाकडी राहते. ज्या ताणापर्यंत पोलाद परत सरळ होतं त्या मर्यादेला कारखान्यात यील्ड म्हणतात, आणि ज्या ताणाला ते तुटतं त्याला टेन्साइल. बारचं आयुष्य यील्डवर ठरतं. जाहिरातीत मात्र टेन्साइलचा आकडा छापतात, तोही अमेरिकी पद्धतीने पीएसआयमध्ये. तो निदान छापलेला असला तरी चांगलं. नुसतं ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेलं असेल तर तो आकडा सांगण्यासारखा नाही असं समजावं.

थोडा हिशेब करू. डेडलिफ्ट करताना दोन हात साधारण दीड फुटाच्या अंतरावर असतात आणि प्लेटा हातापासून अर्धा-पाऊण मीटर बाहेर लटकतात. २८ मिलिमीटर जाडीच्या बारवर एकूण १८० किलो असेल, तर मधल्या भागात पोलादावर सुमारे २०० मेगापास्कल ताण येतो. एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साधारण १०० ग्रॅमचा जोर, म्हणजे इथे प्रत्येक चौरस मिलिमीटरवर वीस किलो. हे वजन शांतपणे धरून उभं राहिल्यावरचं झालं. जमिनीवरून हिसक्याने उचललं, किंवा उचलून आपटलं, तर तोच ताण सहज दुप्पट होतो, कधी त्याहून जास्त. माइल्ड स्टीलची यील्ड २५० मेगापास्कलच्या आसपास असते. चांगल्या बारचं टेन्साइल १,९०,००० पीएसआय म्हणजे सुमारे १३०० मेगापास्कल असतं आणि त्याची यील्डही त्याच्या फार मागे नसते. पहिल्या बारला दुसऱ्याच उचलीत पोक येईल. दुसऱ्याला तो हिसका जाणवणारही नाही.

आपल्या बाजारातला पाच फुटी, पंचवीस मिलिमीटरचा क्रोम केलेला रॉड घ्या. जाडी २८ वरून २५ वर आली की ताण दीडपटीच्या जवळ जातो, कारण दांड्याची ताकद जाडीच्या घनाने बदलते. त्या रॉडवर १०० किलो लावले तर शांत उभं राहून सुमारे १५०, हिसक्यासह ३००. माइल्ड स्टीलची मर्यादा ओलांडली. म्हणूनच गल्लीतल्या जिममध्ये कोपऱ्यात पडलेले रॉड बघावेत तर बहुतेक धनुष्यासारखे दिसतात. ते कुणी मुद्दाम वाकवलेले नसतात.

मग जाडीच वाढवावी का? तीस-बत्तीस मिलिमीटरचा रॉड घेतला तर तो वाकणार नाही, हे बरोबर. पण तो मुठीत बसत नाही, आणि पकड सुटते ती पाठ आणि पाय थकायच्या आधी. शिवाय ताकदीसाठी जाडीच लागते असं नाही, याचा पुरावा काशीतच आहे. वाराणसीजवळच्या दांडूपूर गावच्या पूनम यादव यांनी २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ६९ किलो गटात सोनं घेतलं. स्नॅचमध्ये १०० आणि क्लीन अँड जर्कमध्ये १२२ किलो. महिलांच्या स्पर्धेचा बार १५ किलोचा, २.०१ मीटर लांब आणि फक्त २५ मिलिमीटर जाड असतो. आपल्या पाचफुटी रॉडएवढाच! १२२ किलो डोक्यावर जाताना आणि वरून खाली टाकल्यावर त्या बारला जे सोसावं लागतं त्यात माइल्ड स्टीलची विळी झाली असती. पुरुषांचा बार २० किलोचा, २.२ मीटर लांब, २८ मिलिमीटर जाड. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला ५५ किलो गटात रौप्य मिळवलं ते त्याच बारवर. पॉवरलिफ्टिंगवाले २९ मिलिमीटरचा पसंत करतात, कारण जाडीचा तेवढा एक मिलिमीटरही बारला पंधरा टक्क्यांनी ताठ करतो आणि स्क्वॉटमध्ये प्लेटा लपलपत नाहीत.

घरच्यासाठी मी २८ किंवा २८.५ मिलिमीटरचा, निदान १,६५,००० पीएसआयच्या वरचा बार घ्या म्हणेन, १,९०,००० मिळाला तर उत्तम. दोन लाखांच्या वरचे आकडे जाहिरातीला शोभतात, पण घरात त्यांचं फारसं काम नाही. उलट पोलाद नुसतं कडक करत नेलं की ठिसूळ होतं, आणि वाकलेला बार कळतो तरी, तुटलेला बार कळायच्या आत पायावर येतो.

इथे एक मोह आवरावा लागतो. भोसरी, शिरोली, गोकुळ शिरगाव, जिथे जिथे लेथ आहेत तिथे ओळखीचा कुणीतरी म्हणतोच, ‘मी करून देतो, कशाला एवढे पैसे घालता?’ प्लेटा अशा जरूर करून घ्याव्यात. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना बिडाची प्लेट ओतणं म्हणजे काहीच नाही, आणि प्लेट जरा ओबडधोबड असली तरी वजन ते वजनच. बारचं तसं नाही. लेथवाल्याकडे बहुधा एमएस (माइल्ड स्टील) किंवा ईएन-८ चा गोल बार पडलेला असतो. ईएन-८ ची यील्ड एमएसपेक्षा फार वर नाही. ईएन-२४ मागितला, आणि तो हार्डन-टेम्पर केलेला मिळाला, तर साडेसहाशे मेगापास्कलच्या आसपास पोचता येतं, आणि ते घरच्या शंभर-सव्वाशे किलोंना पुरे आहे. पण सव्वादोन मीटर लांब, बोटाएवढ्या जाड दांड्याला पाणी देताना तो सरळ राहत नाही. भट्टीतून काढून तेलात बुडवला की कुठेतरी मुरडतो, मग प्रेसवर सरळ करावा लागतो, मग त्याच्यावर एकसारखं नर्लिंग मारायचं, आणि तेवढ्या लांबीत दांडा लेथवर थरथरतो. हे सगळं जमणारे कारागीर आहेत. मात्र एका बारसाठी ते एवढं करायला बसत नाहीत, आणि जो बसेल त्याचं बिल मेरठ-जालंधरच्या तयार बारएवढंच होईल.

नर्लिंग म्हणजे पकडीसाठी दांड्यावर मारलेली हिऱ्याच्या आकाराची खरखर. दुकानात ती जेवढी टोचरी तेवढी भारी वाटते. रोज हात घालायचा असेल तर मध्यम घ्यावी. बोट फिरवल्यावर कातडी अडकावी, ओरखडा येऊ नये.

टोकाकडे जरा वाकून बघा. स्लीव्हच्या, म्हणजे त्या फिरत्या नळीच्या, तोंडाशी काय आहे? षटकोनी बोल्टचं डोकं दिसलं तर बार खाली ठेवा. प्रत्येक वेळी वजन जमिनीला टेकतं तेव्हा स्लीव्हला बसणारा धक्का त्या बोल्टवर येतो, तो हळूहळू सैल होतो, स्लीव्ह खडखडायला लागते, आणि एक दिवस बोल्ट आणि दोन प्लेटा एकदम निसटतात. चांगल्या बारच्या तोंडाशी खाचेत बसवलेली गोल पोलादी रिंग असते. वर्कशॉपात तिला सर्क्लिप म्हणतात. पक्कड घेऊन ती काढली की स्लीव्ह सरकन बाहेर येते, आत काशाचा बुश दिसतो, कापडाने पुसून एक थेंब तेल टाकलं की पुन्हा बसवता येते. जी वस्तू घरी उघडता येत नाही तिची काळजी घेता येत नाही, हा माझा साधा नियम.

बुश की बेअरिंग, यावर जिमच्या पोरांत तासन्‌तास वाद होतो. सुईसारख्या रोलरांचं बेअरिंग बुशपेक्षा जास्त सहज फिरतं यात शंका नाही. क्लीन आणि स्नॅच करणाऱ्याला ते हवंच. ज्याला घरी बेंच प्रेस, स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि थोडं खांद्यावरचं काम करायचंय त्याला बुश पुरतो, आणि तो जास्त टिकतो, कारण त्यात तुटायला फारसं काही नाही. काशाचा बुश झिजतो तोही हळू आणि सांगून. खिशातून जास्तीचे पैसे काढून बेअरिंगचा बार आणायचा, आणि मग त्यात घाम, खडू आणि गाद्यांचा कापूस साठू द्यायचा, हा उद्योग बऱ्याच घरी पाहायला मिळतो. असं करणाऱ्यांना मानमंदिराच्या गच्चीवर पाठवावं.

एवढं सगळं नीट निवडलं तरी खरा शत्रू पाणी. काशीसारख्या नदीकाठच्या गावात तर विशेषच. साधारण ६० टक्क्यांच्या वर हवेत दमटपणा गेला की उघडं लोखंड उघडपणे गंजायला लागतं, आणि त्यावर मीठ असेल तर त्याही आधी. घामात मीठ असतंच. वर जिममध्ये वापरतात तो खडू, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, घाम शोषून नर्लिंगच्या खाचांत बसतो, आणि ओल धरून ठेवतो. आषाढापासून आश्विनापर्यंत काशीतली हवा अशीच ओली. पुढे पौषात गंगेवरून धुकं येतं, लोखंड रात्रभर गार झालेलं असतं, आणि सकाळी त्याच्यावर दव धरतं. दशाश्वमेधाच्या आसपासच्या गल्ल्यांत तळमजल्याची खोली स्वस्त मिळाली म्हणून तिथे जिम थाटणाऱ्याला आणखी एक गोष्ट माहीत हवी. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे, आणि १९७८ च्या पुरात ती ७३.९०१ मीटरला गेली होती. मोठा पूर आला की घाटावरची आरतीसुद्धा पायऱ्या सोडून वर गच्चीवर जाते. पुराचा गाळ एकदा स्लीव्हमध्ये शिरला की बुश उघडल्यावाचून इलाज नाही.

मुंबई-कोकणात गंगेचा पूर नसेल, पण समुद्राची खारी हवा बारा महिने असते. रत्नागिरीत गॅलरीत ठेवलेला काळा बार एका पावसाळ्यात तांबूस होतो. तो काळा रंग रंग नसतो, ब्लॅक ऑक्साइड नावाचा अगदी पातळ थर असतो, आणि किनाऱ्यावर त्याच्याने काही होत नाही. झिंकचा थर बरा, तो स्वतः झिजून आतलं लोखंड वाचवतो, काही वर्षांत मात्र निस्तेज होतो. कठीण क्रोम चांगलं, जर जाड आणि एकसारखं बसलेलं असेल तर. स्वस्त क्रोम पापुद्रे धरून सुटतं, आणि त्या पापुद्र्याखाली गंज आपलं काम शांतपणे करत राहतो. स्टेनलेस सर्वांत निश्चिंत, आणि तेवढाच महाग. कोरा, कसलाही थर नसलेला बार हातात सर्वांत छान लागतो, पण तो ज्याला रोज पुसायची सवय आहे त्यानेच घ्यावा. देश आणि विदर्भातल्या कोरड्या गावांत कोऱ्या बारनेही वर्षं काढता येतात. काशीत किंवा गिरगावात मी कठीण क्रोम घेईन.

तेलाचंही सांगायला हवं, कारण इथे आखाड्याची शिकवण अर्धी घ्यायची आणि अर्धी सोडायची. लाकडाला तेल हवं, लोखंडालाही हवं, इथवर आखाडा बरोबर. पण मल्लखांबाचं एरंडेल किंवा काशीतल्या पैलवानांच्या अंगाचं मोहरीचं तेल बारला लावू नये. एरंडेल घट्ट, ते धूळ धरतं. मोहरीचं तेल हवेत सुकत चिकट होतं, आणि महिन्याभराने स्लीव्ह फिरेनाशी होते. शिवणयंत्राचं पातळ तेल लावावं. आधी नायलॉनच्या ब्रशने नर्लिंगमधला खडू काढायचा, मग तेलाचं फडकं, मग कोरडं फडकं. महिन्यातून एकदा पुरे, पावसाळ्यात थोडं लवकर. तारेच्या ब्रशने घासणारे लोक क्रोम घासून काढतात आणि मग कंपनीला नावं ठेवतात.

घरात बार मरतो तो बहुधा उचलताना नाही, ठेवताना. रॅकच्या आडव्या सेफ्टी दांड्यांवर भरलेला बार आदळला तर सगळा धक्का दांड्याच्या दोन अरुंद जागांवर येतो, आणि तेवढा आघात चांगलं पोलादही कधीकधी विसरत नाही. बेंचच्या कडेवर मधोमध पडला तर विचारूच नका. बिडाच्या प्लेटा फरशीवर आपटल्या की धक्का सरळ स्लीव्हमध्ये जातो. रबरी बंपर प्लेटा किंवा जाड रबरी मॅट हा धक्का खातात. खालच्या मजल्यावरच्या काकांशी संबंध टिकतात, ते वेगळंच.

आता माप. स्पर्धेचा बार २.२ मीटर, म्हणजे घराच्या नेहमीच्या दारापेक्षाही जरा लांब. बंगाली टोल्यातून दशाश्वमेधाकडे येणाऱ्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकावं लागतं. तिथे हा बार उभा धरूनच न्यायचा, आणि जुन्या वाड्याच्या वळणाच्या जिन्यात तो वळेल का हे आधी काठीने मोजून घ्यायचं. पुण्या-मुंबईच्या इमारतीत लिफ्टचा प्रश्न येतो. खोलीत पोचल्यावरचा हिशेब बरेच जण विसरतात. प्लेट बारच्या टोकाकडून घालायची असते, त्यामुळे दोन्ही बाजूंना निदान दीड-दोन फूट मोकळे हवेत. एकूण सव्वातीन मीटर. दहा बाय अकराच्या खोलीत ते एकाच दिशेने बसतं. बसतच नसेल तर सहा फुटी बार घेता येतो, पण दोन कॉलरांमधलं, म्हणजे प्लेटा आतून जिथे अडतात त्या दोन कडांमधलं, अंतर विचारून. मोठ्या बारमध्ये ते १.३१ मीटर असतं आणि बाजारातले बहुतेक रॅक त्याच मापाला धरून केलेले असतात. आखूड बार रॅकच्या हुकांवर पोचतच नाही, आणि हे घरी आल्यावर कळतं.

स्लीव्हची जाडी ५० मिलिमीटरची घ्या, सुरुवातीपासून. बारीक रॉड आणि बारीक भोकाच्या प्लेटांचा जुना संच स्वस्त मिळतो, पण वजन वाढलं की सगळंच बदलावं लागतं. पैसे कमी असतील तर प्लेटांत वाचवा, बेंचमध्ये थोडे वाचवा, रॅक वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. बारला हात लावू नका.

जुना बार स्वस्त मिळत असेल तर तो जरूर बघावा, कारण चांगला बार वापराने फारसा उतरत नाही. घरगुती वजनकाट्यावर आधी तुम्ही उभे राहा, मग बार घेऊन उभे राहा. वीस किलोचा म्हणून विकलेला बार सतरा-अठरा भरला तर विकणाऱ्याच्या बाकीच्या बोलण्यालाही तेवढीच किंमत द्यावी. नर्लिंगमधला वरवरचा तांबूस गंज ब्रशने आणि तेलाने जातो, त्याला घाबरू नका. स्लीव्ह जिथे दांड्याला भिडते तिथे मात्र नख फिरवून बघा. तिथे खड्डे पडले असतील, किंवा केसाएवढी रेघ दिसली, तर तडा तिथूनच सुरू होतो. मग बार रॅकच्या दोन हुकांवर ठेवा, मधला दांडा धरून सावकाश फिरवा आणि डोळा स्लीव्हच्या टोकावर ठेवा. बार सरळ असेल तर टोक जागच्या जागी फिरतं. वाकलेला असेल तर ते वर-खाली नाचतं. असे बार हायड्रॉलिक प्रेसवर दाबून सरळ करून विकायला येतात, वरून नवं क्रोमही मारलेलं असतं. एकदा मर्यादा ओलांडून वाकलेलं पोलाद प्रेसने डोळ्याला सरळ दिसतं, पण त्या जागी ते पुन्हा आधी वाकतं. टोक नाचलं, आणि विकणारा म्हणाला की रॅकच तिरका आहे, तर बार टोकाची दिशा बदलून उलटा ठेवा आणि पुन्हा फिरवा. रॅकचा दोष असेल तर नाच त्याच हुकाशी राहील. बारबरोबर तो दुसरीकडे गेला, तर भाव कितीही उतरला तरी घासाघीस करू नये.